अभ्यास, वैराग्य आणि भ्यालेले मन

चिंता हा मनाचा विकार मानावा की मेंदूचा, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने नव्या शब्दांत मांडला असला, तरी त्यामागची अडचण भारतीय विचाराला जुनीच आहे. मनात उठणारी भीती शरीराच्या घडणीतून येत असेल, तर ती भिणाऱ्याचा दोष ठरत नाही. पण ती शरीराचीच असेल, तर तिच्यावर साधनेचा इलाज चालतो असे कशाच्या आधारावर म्हणायचे, आणि चालत असेल, तर ज्याला साधना जमली नाही त्याला पुन्हा दोषी धरायचे काय? गीता, योगसूत्रे आणि आजचे मेंदूविज्ञान यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे परस्परांच्या बरीच जवळ येतात. मात्र जुन्या उत्तराचा अर्धा भागच आज उचलला जातो, आणि सुटलेल्या अर्ध्यावाचून उचललेला अर्धा चिंताग्रस्त माणसाला प्रसंगी उलट बाधतो, असे येथे दाखवायचे आहे.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची जी अवस्था वर्णिली आहे, ती आधी शरीराची आहे आणि मग विचारांची. त्याचे अवयव गळून जातात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, त्वचेचा दाह होतो, गांडीव हातातून निसटते, उभे राहवत नाही आणि मन भोवंडल्यासारखे होते. युद्ध का करू नये याची कारणे तो बहुतांशी त्यानंतर सांगू लागतो. हे वर्णन म्हणजे रोगनिदान नव्हे, आणि महाकाव्याच्या नायकाला आजच्या दवाखान्यात नेऊन बसवणे हा ग्रंथावर अन्यायच होईल. तरीही भीती आधी देहात चढते आणि बुद्धी मागाहून तिला युक्तिवाद पुरवते, हे ग्रंथकाराने अचूक टिपले आहे. सहाव्या अध्यायात तोच अर्जुन म्हणतो की मन चंचल आहे आणि त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे. त्यावर श्रीकृष्ण त्याची खरडपट्टी काढत नाही. अडचण खरी आहे हे निःशंकपणे मान्य करतो आणि मगच अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय सांगतो. पतंजलीच्या योगसूत्रांतही पहिल्याच पादात हीच जोडी येते. अभ्यास म्हणजे चित्त स्थिर राहावे यासाठी पुन्हा पुन्हा केलेला यत्न, जो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला म्हणजे पक्का होतो. वैराग्य म्हणजे हव्या असलेल्या गोष्टीविषयीची तृष्णा सुटणे. पतंजली चित्ताच्या विक्षेपांची, म्हणजे त्याला ढळवणाऱ्या अडथळ्यांची, यादी करतो तेव्हा पहिले नाव व्याधीचे, म्हणजे शारीरिक आजाराचे घेतो, आणि विक्षेपांच्या सोबत येणारी लक्षणे म्हणून दुःख, खिन्नता, अंगाचा कंप व बिघडलेला श्वास ही चार सांगतो. रोगी देह आणि अस्थिर चित्त यांच्यामध्ये त्याने भिंत घातलेली नाही, ही गोष्ट आजही पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

मेंदूविज्ञानाची भाषा वेगळी आहे. मेंदूच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाचा, बदामाच्या आकाराचा पेशीसमूह असतो. धोक्याची चाहूल लागताच शरीराला सज्ज करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग परिस्थितीचा अर्थ लावून ती सज्जता शमवू शकतो. चिंताविकारात ही इशारा देणारी यंत्रणा क्षुल्लक कारणानेही जागी होते आणि लवकर निवत नाही. हा स्वभाव बदलतो का, या प्रश्नाला विल्यम जेम्स याने १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहून उत्तर देण्याचा प्रयत्न केला होता. सवय म्हणजे मज्जासंस्थेच्या घडणीत पडलेली वाट, असे त्याचे म्हणणे होते. १९४९ साली डोनाल्ड हेब याने एकत्र उद्दीपित होणाऱ्या मज्जापेशींमधले दुवे बळकट होत जातात, ही कल्पना मांडून त्याला शास्त्रीय रूप दिले. पुढच्या संशोधनातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली: शिकलेली भीती सहसा पुसली जात नाही, तिच्या शेजारी ‘येथे धोका नाही’ असे नवे शिक्षण तयार होते आणि ते जुन्याला आवरून धरते. हे नवे शिक्षण केवळ समजूत घालून होत नाही. ज्या प्रसंगाची भीती वाटते त्या प्रसंगात टप्प्याटप्प्याने जावे लागते, तेथे थांबावे लागते आणि अपेक्षित अनर्थ घडला नाही याचा अनुभव मेंदूला द्यावा लागतो. उलट टाळण्याने क्षणभर सुटका होते, आणि तीच सुटका भीतीला पोसत राहते.

तेलंगणातील बेल्लमपल्ली हे सिंगरेणी खाणींच्या कोळशावर वाढलेले गाव आहे. भीती आणि सावधपणा यांतला फरक समजून घ्यायला अशा गावांना परिचित असलेली भूमिगत कोळसाखाणीतली एक रीत उपयोगी पडते. पाळी सुरू होण्यापूर्वी मायनिंग सरदार, म्हणजे कायद्याने परवाना दिलेला तपासनीस, कामाच्या जागी उतरून हातातल्या दांड्याने छत ठोकून पाहतो. घट्ट दगड खणखणीत वाजतो, थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो. तो वायूचा अंदाज घेतो, धोक्याची जागा अडवतो, टेकू कोठे हवा ते सांगतो आणि नोंद करून खाली सही करतो. पाळी चालू असतानाही त्याच्या फेऱ्या होतात, पण त्या ठरलेल्या असतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्याच छताखाली काम चालते, आणि ते छत कधीच कोसळणार नाही अशी हमी कोणीही कोणाला दिलेली नसते. चिंताग्रस्त मनाला नेमके हेच साधत नाही. ते दांडा खाली ठेवू शकत नाही. एकदा ठोकून खणखणीत आवाज आला तरी ऐकण्यात चूक झाली असेल, या शंकेने ते पुन्हा ठोकते, आणि काम राहून जाते.

सुटलेला अर्धा भाग कोणता, ते येथे दिसते. ज्या आजाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात, म्हणजे नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्याची धग शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे, त्यात सातत्याची उणीव मुळीच नसते. हात धुणे, कडी तपासणे, सोवळे मोडल्याच्या शंकेने पुन्हा स्नान करणे, जपाची माळ एका मण्यावर चुकली म्हणून आरंभापासून ओढणे, या सर्वांत दीर्घकाळ आहे, अखंडपणा आहे, आदरही आहे. म्हणजे पतंजलीने सांगितलेल्या अभ्यासाच्या तिन्ही अटी वरवर पाहता पुऱ्या होतात. नाही ते वैराग्य. वैराग्याचा अर्थ संसार सोडणे एवढाच घेतला, तर या प्रश्नाशी त्याचा संबंध लागत नाही. पण तृष्णा सुटणे हा पतंजलीचा अर्थ धरला, तर चिंताग्रस्त माणसाची सर्वांत मोठी तृष्णा धनाची किंवा सुखाची नसून खात्रीची असते, हे ध्यानात येते. काहीही वाईट घडणार नाही अशी पूर्ण खात्री त्याला हवी असते, आणि ती या जगात कोणालाच मिळत नसल्यामुळे तिच्यासाठी केलेली प्रत्येक कृती अपुरी पडते. मंत्रचळावरच्या आजच्या वर्तनोपचारात शंका येऊ द्यायची आणि कृती मात्र करायची नाही असा सराव करून घेतात, तो या खात्रीच्या तृष्णेवरच घाव घालतो. वैराग्याचे हे रूप मठातल्या वैराग्यापेक्षा कमी कठीण नाही.

मेंदूला व्यायाम देण्याच्या नावाने जे खेळ आणि अ‍ॅप विकले जातात, त्यांतून हा अर्धा भाग पूर्ण गळालेला असतो. अमेरिकेत २०१६ साली अशा खेळांच्या एका मोठ्या कंपनीला, पुरेशा पुराव्याविना केलेल्या दाव्यांच्या प्रकरणात, २० लाख डॉलर भरावे लागले. खेळात वाढलेले कसब बहुधा त्या खेळापुरतेच राहते. आणि रोजचा गुण घसरला की चिंतेला नवे निमित्त मिळते.

याचा अर्थ साध्या सवयी निरुपयोगी आहेत असा नाही. योगसूत्रांत चित्तस्थैर्याच्या पर्यायी उपायांमध्ये श्वास बाहेर सोडणे व रोखणे हा एक सांगितला आहे. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीरशास्त्राला ठाऊक आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची जी परंपरा घातली, तिने श्वासाचा विचार चमत्काराच्या प्रांतातून मोजमापाच्या प्रांतात आणला. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र या दोन्हींच्या पठणाने श्वसनाची गती मिनिटाला सुमारे ६ वर येते आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते, असे आढळले होते. नामस्मरणाचे मोल यामुळे सिद्ध होते असे नाही, घटतही नाही. भक्ताला नाम कशासाठी हवे असते ते श्वास मोजून कळणार नाही. देहाला त्याचा एक लाभ होतो, इतकेच म्हणता येते. झोपेचेही तसेच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला किंवा मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा जागत राहणाऱ्याला योग साधत नाही, असे सांगितले आहे. पण बेल्लमपल्लीसारख्या गावात पाळ्या बदलत राहतात, आणि रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला नियमित निद्रेचा उपदेश करणे सोपे असले तरी ती त्याच्या हाती पूर्णपणे नसते. सवयींचा विचार करताना सवय लागण्याइतका स्थिर दिवस कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न धर्मोपदेशकांनी आणि मानसोपचारतज्ज्ञांनीही अधिक विचारायला हवा.

मनाशी बोलण्याची रीत हा अभ्यासाचाच भाग आहे. समर्थ रामदासांनी मनाच्या २०५ श्लोकांत मनाला समोर बसवून त्याला सज्जन म्हणून संबोधले आहे. उपदेश कडक आहे, पण संबोधन आदराचे आहे, आणि बोलणारा मनापासून थोडा अलग उभा आहे. मनात आलेला विचार म्हणजे मी नव्हे, हे अंतर त्या रचनेतच आपोआप निर्माण होते. प्रतिकूल विचार उठला की त्याच्या विरुद्ध बाजूचे चिंतन करावे, हा पतंजलीचा प्रतिपक्षभावनेचा उपायही याच जातीचा. अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तेव्हा एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचे ऋण मान्य केले होते. घटना माणसाला अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीचे त्याचे हट्टी आग्रह करतात, हे तिचे सूत्र. महाराष्ट्रात ठाण्याला १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ही पद्धती आणि मराठी संतांचा विचार यांचा सांधा आपल्या लेखनात व कामात जोडला आहे. असा सांधा जुळतो, याचे कारण दोन्हीकडे आग्रह सोडण्याला मध्यवर्ती स्थान आहे.

तरी साधनेला मर्यादा आहेत आणि त्या साधनेच्या जाणकारांनीच घातलेल्या आहेत. इगतपुरीच्या धम्मगिरीवर ज्या परंपरेची १० दिवसांची विपश्यना शिबिरे होतात, ती परंपरा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिरात बसण्याचा सल्ला देत नाही. चिंतेने जगणे अडले असेल, झोप आणि अन्न तुटले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर औषध आणि तज्ज्ञांचा उपचार ही पहिली पायरी आहे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर तेलुगू आणि मराठीतही बोलता येते. ‘नाम घे, सारे बरे होईल’ असे सांगून गोळी बंद करायला लावणारा माणूस धर्माची बाजू घेत नाही, कारण पतंजलीने व्याधीला पहिले स्थान दिले आहे ते विसरूनच तो बोलत असतो.

राहिला प्रश्न अपयशाचा. सहाव्या अध्यायातच अर्जुन विचारतो की श्रद्धा असूनही ज्याचे मन योगापासून ढळले, त्याचे काय होते. तो दोन्हीकडून गेला, असे समजायचे काय? श्रीकृष्णाचे उत्तर असे की त्याचा नाश होत नाही, पुढच्या जन्मी तो पूर्वीच्या अभ्यासाच्या ओढीने आपोआप पुढे नेला जातो आणि जेथे थांबला होता तेथून अधिक यत्न करतो. पुनर्जन्म मानणे न मानणे बाजूला ठेवले, तरी या उत्तरातला आशय भीतीच्या संशोधनाशी थेट भिडतो. विझलेली, म्हणजे नव्या शिक्षणाने शमलेली, प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परत येते, हे शरीरशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह याने आपल्या प्रयोगांतच नोंदवले होते. ताण, आजारपण, जागा बदलणे यांनी जुनी भीती पुन्हा डोके वर काढते. पण नवे शिक्षणही त्या वेळी मेंदूत असतेच, आणि दुसऱ्यांदा ते उभे करायला बहुधा पहिल्याइतके कष्ट पडत नाहीत. म्हणूनच अनुभवी उपचारक उपचार थांबवताना, चिंता परतेल तेव्हा कोणती पायरी पुन्हा चढायची, कोणते टाळणे सुरू झाले की सावध व्हायचे आणि कोणाला कळवायचे, याची आखणी रुग्णासोबत आणि त्याच्या घरच्या माणसासोबत बसून आधीच कागदावर करून ठेवतात.