नसलेल्या स्त्रीसाठी केलेली प्रार्थना

१९ एप्रिल १८९७ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसच्या भूगोल-संस्थेच्या सभागृहात लेओ टाक्सिल या मार्सेयच्या लेखकाने पाद्री आणि वृत्तपत्रकार यांच्या संमिश्र मेळाव्यापुढे आपल्या लबाडीचा जो कबुलीजबाब दिला, त्यात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. होता तो यशस्वी कारागिराचा अभिमान. धर्मसंस्थेची निंदानालस्ती करणाऱ्या पुस्तिकांवर गाजलेला हा मनुष्य १८८५ साली एकाएकी श्रद्धाळू झाला होता, १८८७ साली खुद्द पोप तेराव्या लिओंच्या भेटीचा मान त्याला मिळाला होता, आणि फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या बंद दारांआड सैतानाची उपासना चालते अशा कथा त्याने व त्याच्या साथीदारांनी वर्षानुवर्षे छापून विकल्या होत्या. त्यांपैकी एका कथेत सैतान मगरीच्या रूपाने येऊन पियानो वाजवितो. हे वाचूनही ज्यांना शंका आली नाही, त्यांच्या विवेकाविषयी काय बोलावे!

या कारखान्यातील सर्वांत नामी माल म्हणजे डायना व्हॉन. सैतानाची ही पुजारीण १८९५ साली जोन ऑफ आर्कच्या कृपेने ख्रिस्ताला शरण आली, असे तिच्याच नावाने निघणाऱ्या आठवणींतून जगाला कळले, आणि १८९६ साली त्रेंतो येथील फ्रीमेसनविरोधी परिषदेत तिच्या अस्तित्वाविषयी वाद माजला तेव्हाही तिचा कैवार घेणारे पुष्कळ निघाले. पानिपतानंतर आपल्याकडे सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. पण तोतयाला निदान देह तरी असतो. डायनापाशी होती ती केवळ पत्रे.

तिची कथा नॉर्मंडीतील लिझ्यू गावच्या कार्मेल मठातही पोहोचली. तेथील तेरेज नावाच्या क्षयग्रस्त तरुण संन्यासिनीने डायनाच्या धर्मांतराच्या प्रेरणेने जून १८९६ मध्ये मठातील भगिनींसाठी एक छोटे नाटक लिहिले, आणि जोनच्या वेषात काढलेले तेरेजचे छायाचित्र डायनाला पाठविले गेले. पॅरिसच्या त्या सभेत टाक्सिलने पडद्यावर दाखविले ते हेच छायाचित्र.

आता प्रश्न असा उपस्थित होतो की जिच्यासाठी प्रार्थना करावयाची ती व्यक्तीच नव्हती, तर ती प्रार्थना कोणत्या खात्यावर जमा धरावयाची? वेदान्त्यांचा रज्जुसर्प येथे सहज आठवतो, कारण साप मिथ्या असला तरी अंगावर आलेला काटा मिथ्या नसतो. परंतु त्या दृष्टान्तातील दोरी अंधारात आपोआप पडलेली असते, ती मुद्दाम कोणी टाकली काय याची चौकशी आचार्यांना करावी लागली नाही. लिझ्यूच्या बाबतीत दोरी टाकणारा गृहस्थ हयात होता आणि सभेत टाळ्यांची अपेक्षा करीत होता. तेव्हा विश्वास ठेवणाऱ्याचा भाव शुद्ध होता एवढे म्हणून प्रकरण निकालात काढले, तर जगातील प्रत्येक लबाडास आपण आगाऊ माफीनामा लिहून दिल्यासारखे होईल, आणि ही अडचण मला किरकोळ वाटत नाही.

तथापि डायनावर विश्वास ठेवणारे सगळे एकाच दोषाचे धनी होते, असेही म्हणता येत नाही. ज्या विद्वान धर्माधिकाऱ्यांनी तिचा मजकूर प्रतिपक्षाविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला, त्यांना एक दस्तऐवज हवा होता. तो बनावट ठरताच त्यांच्या हाती काही उरले नाही, कारण त्यांनी त्यातून द्वेषाला आधार शोधला होता आणि आधार तपासण्याची जबाबदारी आधार घेणाऱ्यावरच असते. तेरेजला दस्तऐवज नको होता. एक वाट चुकलेला जीव परत आला, एवढ्याच वार्तेने तिला आनंद झाला; वार्ता खोटी निघाली म्हणून परतणाऱ्या जीवाविषयीचे ममत्व खोटे ठरत नाही, फसगत मात्र खरीच राहते. आणि तिने ती फसगत कोणत्याही उदात्त तत्त्वज्ञानाने झाकली नाही: डायनाच्या नावाने आलेले पत्र तिने फाडले आणि मठातील खताच्या ढिगावर टाकून दिले, असे सांगतात.

टाक्सिलच्या कबुलीजबाबाच्याच वर्षी, जूनमध्ये, मृत्यूला चार महिनेही उरले नसताना, तिने आपली शेवटची वही लिहावयास घेतली. १८९६ च्या ईस्टरपासून तिच्या स्वतःच्याच श्रद्धेवर काळोख पसरला होता, आणि अश्रद्ध माणसे खरोखर असतात हे पूर्वी आपल्याला पटतच नसे, असे ती तेथे प्रांजळपणे नमूद करते. आता त्यांच्याच मेजाशी, त्यांच्याच पंगतीस बसून, स्वतःला त्यांच्यातच मोजून ती सर्वांसाठी दया मागते. डायना कधीच नव्हती. पण डायनाची पत्रे जुळविणारा मनुष्य होता, तो पुढे १९०७ पर्यंत जगला, आणि त्या पंगतीत त्याचेही पान मांडलेले होते असे समजण्यास मला तरी कोणतीही हरकत दिसत नाही.