अखेरची माती

देहाची आसक्ती नसावी, असे आपण मानतो. म्हणून जिवंतपणीच दफनाची जागा ठरवून ठेवणाऱ्या ज्यू मनुष्याचे आपणांस नवल वाटते. आम्हांस मात्र त्यात आसक्तीहून विवेकच अधिक दिसतो. त्यांच्या रीतीप्रमाणे प्रेताला स्नान घालून साधे पांढरे वस्त्र नेसवितात. त्यात धनिक व निर्धन असा भेद नाही. मृताची ही सेवा त्यांच्यात खरी दया मानली जाते, कारण तिची परतफेड मृताकडून होणे नाही. आपल्या निष्काम कर्माहून हे निराळे ते काय?

पण सेवेला माणसे हवीत. कोकणातील मराठीभाषी बेने इस्राएल (शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत) असे सांगतात की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले व बुडालेल्यांना तेथेच पुरले. १९४८ नंतर त्या समाजातील बहुतेक लोक इस्राएलला गेले. मागे राहिलेल्या वृद्धाने कोणती माती निवडावी? पूर्वजांशेजारची, की जेथे नातवंडे भेटीस येतील ती? आपल्यांत संन्याशांची समाधी सोडली, तर बहुतेकांच्या अस्थी नदीच नेते. हा पेच आपणांस पडत नाही. पूर्वजांशेजारची माती निवडणाऱ्यास आम्ही हट्टी म्हणणार नाही. मात्र त्या दफनभूमीचे कुंपण पुढे कोण राखील, हे त्याने आधी विचारून ठेवावे.