खर्जाची वाट

बसा.

सतरंजीवर बसा, खुर्चीवर बसा. हात मांडीवर मोकळे सोडा.

रात्र आहे. खाली तपकीर गल्लीतली शटर एकेक करून पडतात. वायरची भेंडोळी आत जातात. काउंटरवरच्या दिव्यांच्या माळा विझतात. दगडूशेठ गणपतीकडून रिक्षांचे हॉर्न अजून येतात.

येऊ द्या.

बुधवार पेठ पुरती गप्प कधी होत नाही. तिला गप्प करायला आपण बसलेलो नाही.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

समोर पाहा. दोन लाकडी पेट्या उभ्या आहेत, कमरेएवढ्या उंच. व्हिनिअर जुनं आहे, कडांना झिजून फिकटलेलं. घरात पहिल्यांदा येणाऱ्याला ही अरुंद कपाटं वाटतात. पेठेतल्या खोलीत कपाटाची जागा स्पीकरला द्यायची म्हणजे घरच्यांचा मोठेपणाच. असो.

जाळीचं कापड काढून ठेवलं आहे. वर छोटा ट्विटर. त्याखाली मधल्या सुरांचा स्पीकर. त्याच्याखाली वूफर.

वूफरवर नजर ठेवा.

तो गोल नाही. लांबट आहे, दोन्ही टोकांना गोलावलेला. इतर वूफर मध्ये खोल जातात, हा पुढून सपाट आहे. केईएफ कंपनीचा बी १३९. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात मेडस्टनला घडलेला. त्याचा पडदा कागदाचा नाही, थर्माकोलच्या जातीचा आहे. हलका आणि ताठ.

सत्तरच्या दशकात आयएमएफ या स्पीकर कंपनीच्या टीएलएस ८० मध्ये हाच वूफर असे. घरी प्लाय कापून पेट्या बांधणारेही हाच शोधत. जुन्या स्पीकरचे शौकीन अजूनही त्याच्यासाठी जीव टाकतात.

हात लावू नका. नुसतं पाहा.

आता नजर आणखी खाली आणा. पेटीच्या तळाशी एक आडवं तोंड उघडं आहे. आत अंधार आहे.

या अंधारापाशी आज बसायचं आहे.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

सुई रेकॉर्डवर उतरते. बारीक खरखर. एखादा टिपका. मग तानपुरा.

पंचम. जोड. जोड. खर्ज.

पुन्हा. पंचम. जोड. जोड. खर्ज.

गायक अजून आलेला नाही. येईल. तो आला तरी कान तानपुऱ्यावरच असू द्या. हे अवघड आहे. चांगलं गाणं कानाला हात धरून घेऊन जातं. गेलात तर गेलात. लक्षात आलं की परत या.

चौथ्या तारेशी थांबा. जाड, पितळी, सैलसर. ती छेडली जाते आणि मग बराच वेळ विझत राहते. श्वास तिच्याबरोबर बाहेर जाऊ द्या.

गायकाचा षड्ज काळी एकचा आहे. म्हणजे ही खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा हेलकावते. तिची एक लाट हवेत जवळजवळ पाच मीटर लांब असते.

पाच मीटर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाहा. वाड्याच्या या खोलीत एक अख्खी लाट कदाचित मावतही नाही.

तरी ती इथे आहे. सतरंजीखालच्या फळीत आहे. तळव्यांना विचारा.

थांबा.

आता वूफरचा पडदा मनात हळू करा. अगदी हळू. तो पुढे येतो. पुढची हवा ढकलली जाते आणि आवाज तुमच्याकडे निघतो.

त्याच क्षणी पडद्याची पाठही पुढे सरकते. मागची हवा ओढली जाते. तिथूनही आवाज निघतो, तेवढाच. फक्त उलटा. इकडे चढ असेल तेव्हा तिकडे उतार.

हे दोन आवाज मोकळ्या हवेत भेटले तर एकमेकांना पुसून टाकतात. खर्ज तर सगळ्यात आधी जातो. म्हणून पेटी लागते.

साध्या बंद पेटीत मागचा आवाज कोंडला जातो. पाठीमागच्या फळीवर आपटतो आणि पडद्यातूनच परत बाहेर डोकावतो. मग गायकाच्या गळ्यात लाकूड आल्यासारखं वाटतं. तसे स्पीकर पुष्कळ आहेत, चांगलेही आहेत. आज त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

इथे मागच्या आवाजाला वाट दिलेली आहे.

त्या वाटेने आत चला.

अंधार. दोन्ही बाजूंना फळी. आणि लोकर.

लांब धाग्याची, पिंजलेली, दाबून न भरलेली लोकर. घनफुटाला पाव किलोच्या आसपास, त्याहून फार नाही. मूठभर हातात घेतली तर मूठ मिटता मिटता ती नाहीशी होईल इतकी मोकळी. घोंगडीचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथला वास ओळखीचा वाटेल.

आवाज लोकरीत शिरतो. धागे हलतात. धागा धाग्याला घासतो. आवाजाचा थोडा भाग ऊब होतो. इतकी थोडी ऊब, की कुठल्याही हाताला ती कळायची नाही.

इथे थांबा. या घासण्यापाशी. ते ऐकू येत नाही. तरी कान तिथे न्या.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

पुढे फळी आडवी येते. वळा.

पुन्हा लोकर. आधी बारीक आवाज विरतात. मग मधले. गळ्याचा जो खरखरीत भाग मागे आला होता तो इथवर पोहोचत नाही.

पुन्हा वळा.

१९३६ मध्ये अमेरिकेत स्ट्रॉम्बर्ग-कार्लसन कंपनीतल्या बेंजामिन ओल्नी यांनी असा वळणावळणाचा मार्ग पेटीत बसवला. १९६५ च्या ऑक्टोबरात ब्रॅडफर्डच्या ए. आर. बेली यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लांब धाग्याची लोकर सुचवली. त्यानंतर कित्येक घरांत संध्याकाळी करवती चालल्या. ट्रान्समिशन लाइन हे नाव तेव्हापासून शौकिनांच्या तोंडी आहे.

नावं मागे राहू द्या. वाट अजून बाकी आहे.

ही वाट सुमारे अडीच मीटर लांब आहे. आठ फूट. तीन घड्या घालून या पेटीत बसवलेली. लांबी मनाला येईल तशी घेत नाहीत. पस्तीस हर्ट्झचा आवाज घेतला तर त्याची लाट दहा मीटरच्या जवळपास जाते. तिचा पाव भाग म्हणजे ही वाट. त्या सुराला पेटीतली हवा वूफरच्या पाठीवर जणू तळहात ठेवते. पडदा थरथरत नाही, जेमतेम हलतो. आवाज येतो तो तळच्या तोंडातून.

पण आपला खर्ज पस्तीसचा नाही. ६९ चा आहे.

हळू वाचा आता.

पाच मीटरची लाट. अडीच मीटरची वाट. म्हणजे वाट संपेपर्यंत खर्जाला जवळजवळ अर्धी लाट उशीर होतो.

जो उलटा निघाला होता त्याला अर्ध्या लाटेचा उशीर झाला. चढाच्या जागी आता चढ आहे. उताराच्या जागी उतार.

तो तळच्या तोंडातून बाहेर येतो आणि पुढच्या आवाजाशी जुळतो.

थांबा.

पंचम. जोड. जोड. खर्ज.

पुढून आलेला. मागून, अंधारातून, लोकरीतून, आठ फूट फिरून आलेला. दोन्ही एकाच तारेचे.

कानाला ते वेगळे करता येत नाहीत. करायचेही नाहीत. खर्ज भरतो एवढंच जाणवू द्या. जमिनीलगत, रुंद, कसलीही घाई नसलेला.

गायक आला आहे. पहिला षड्ज लावतो आहे. छान लावतो. तुम्ही खालीच राहा.

खिडकीबाहेर कोणी स्कूटर चालू करतं. आवाज बोळातून वर येईपर्यंत त्याची धार जाते, घरघर तेवढी उरते. पेठेत राहणाऱ्याला हे कान न देताही माहीत असतं. अनंत चतुर्दशीला तांबडी जोगेश्वरीचा, मानाचा दुसरा गणपती निघतो. आतल्या खोलीत बसलं की ताशाची कडकड गल्लीतल्या वळणांवर, भिंतींवर, वाळत घातलेल्या कपड्यांत कुठेतरी राहते. ढोल मात्र सगळी वळणं घेऊन आत पोहोचतो. फडताळातली भांडी त्याला ओ देतात.

स्कूटर गेली. परत या.

नजर पुन्हा तळच्या तोंडावर. हवं तर हात त्याच्यापुढे धरा, वीतभर अंतरावर. खर्ज छेडला की तळहाताला हलकी झुळूक लागते का पाहा. लागेल किंवा नाही लागणार. मोठ्या आवाजाला कळते, बेताच्या आवाजाला बहुधा नाही. आवाज वाढवू नका. नुसता हात धरून ठेवा.

एक श्वास आत.

तार विझेपर्यंत सावकाश बाहेर.

आता काही मोजू नका. मीटर नको, हर्ट्झ नको. वाट कुठे वळते तेही विसरा.

पंचम. जोड. जोड.

पुढची तार येईपर्यंत थांबा.

ही बाजू संपली की सुई आतल्या चाकोरीत टकटक करू लागेल. दुसरी बाजू लावणार असाल तर जागा बदलून पाहा. खोलीच्या मधोमध खर्ज अनेकदा पातळ होतो. भिंतीपाशी भरतो, कोपऱ्यात त्याहून जास्त. पाठ भिंतीला लावा, डोकंही टेकवा.

आणि खालच्या मजल्यावर कोणी झोपायला गेलं असेल तर अँपचं बटण थोडं मागे घ्या. वाड्याच्या लाकडी तक्तपोशीतून खर्ज त्यांच्याकडेही उतरतो, आणि त्यांनी तो मागितलेला नाही.