सोसण्याचें बळ

"सोशिक" हें विशेषण आपल्या भाषेंत स्तुतिपर मानलें जातें. सून सोशिक असली कीं सासरचीं माणसें तिचे गुण गातात, नोकर सोशिक असला कीं धनी त्याची वाखाणणी करतो, आणि बैल सोशिक असला कीं बाजारांत त्याला चार पैसे अधिक येतात. या तिन्ही ठिकाणीं सोसणारा एक आणि त्याच्या सोसण्यानें सोय होणारा दुसराच असतो, ही गोष्ट मात्र स्तुतीच्या भरांत सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. सोसणें हा सद्गुण खरा. पण तो कोणाच्या कामीं येतो, हें विचारल्यावांचून त्याची किंमत ठरवितां येत नाहीं. हा जुना प्रश्न अलीकडे शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंतून नव्या वेषांत आपल्यापुढें आला आहे, आणि त्याचाच थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वसई तालुक्यांत चांदीप म्हणून एक गांव आहे. उत्तर कोंकणांतील इतर गांवांप्रमाणेंच तेथील भाताचें गणित पावसावर बसविलेलें. उन्हाळ्यांत शेण आणि पालापाचोळा पसरून राब भाजावयाचा, पावसाच्या तोंडावर पेरणी करावयाची, आणि रोपें वीतभर झालीं कीं आवणी उरकावयाची. हें गणित आतां चुकूं लागलें आहे. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याशीं बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला. त्याची तक्रार पाऊस कमी झाल्याची नव्हती. तो एकदम येतो आणि मग पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवीत नाहीं, ही होती. मधल्या उघडिपींत रोपें पिवळीं पडतात, त्याविषयीं तो म्हणाला, "रोपं घाबरतात, भाऊ. घाबरली की वाढायचं विसरतात."

त्या वेळीं हे बोल आम्हांला केवळ काव्यमय वाटले. पुढें या विषयावरचें शास्त्रीय लेखन वाचतांना कळलें कीं, म्हातारा शास्त्राच्या बराच जवळ होता. पाणी तुटलें, मातींत खार चढला किंवा उष्मा असह्य झाला, म्हणजे वनस्पति आपल्या देहांत इथिलीन नांवाचा वायु निर्माण करते. पिकत्या केळ्यांतून निघतो तोच हा वायु. त्याचा थोडासा अंश रोपाला सावध करतो. पण संकट लांबलें कीं तो प्रमाणाबाहेर वाढतो, मुळांची वाढ खुंटते आणि पानें अकालीं गळूं लागतात. म्हणजे रोपाच्या नुकसानीचा कांहीं वाटा बाहेरच्या तापाचा, आणि कांहीं त्याच्या स्वतःच्या धास्तीचा!

कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं या बाबतींतला एक सुंदर उलगडा मांडला. ज्या द्रव्यापासून इथिलीन तयार होतो, त्याचा कांहीं भाग मुळांतून बाहेर पाझरतो. आणि मुळांशीं वस्ती करून राहिलेल्या कित्येक सूक्ष्म जंतूंना तें द्रव्य फोडून खातां येतें. जंतूला त्यांतून नत्र मिळतो आणि रोपाची धास्ती आटोक्यांत राहते. दुसरे कांहीं जंतु मुळांभोवतीं चिकट द्रव्य सोडून ओल धरून ठेवण्यास मदत करतात. जंतु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रोग उभा राहतो. परंतु मातींतील ही प्रजा बहुतांशीं निरुपद्रवी, आणि पुष्कळ वेळां उपकारक असते.

ही विद्या अगदींच नवी आहे, असेंहि नाहीं. भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर कोंकणांत वाल पेरतात. वालाच्या मुळांवर ज्या गांठी दिसतात, त्यांत हवेंतला नत्र पिकाला मिळवून देणारे जंतु असतात. असे जंतु वेगळे काढून वाढविण्याचें काम हॉलंडांतील बायेरिंक यांनीं १८८८ सालीं केलें. मुळांभोवतालच्या मातीच्या या परिसराला स्वतंत्र शास्त्रीय नांव जर्मन शास्त्रज्ञ हिल्टनर यांनीं १९०४ सालीं दिलें. नव्या शास्त्राचा हेतु मात्र निराळा आहे. पूर्वीं जंतूंकडे खताच्या दृष्टीनें पाहत. आज रोपानें दुष्काळ, उष्मा आणि खार यांत टिकावें म्हणून त्यांची निवड होत आहे. बारामतीजवळ माळेगांव येथें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें २००९ सालीं या तापांच्या अभ्यासासाठीं एक राष्ट्रीय संस्थाच काढली, आणि तीहि उथळ मातीच्या खडकाळ माळावर. पिकाचा ताण जंतूंच्या साह्यानें कसा हलका करतां येईल, हा तेथील संशोधनाचा एक विषय आहे. पुण्यास सूक्ष्म जंतूंचे नमुने जतन करणारें राष्ट्रीय केंद्रहि आहे.

या संशोधनांतील सर्वांत विलक्षण कथा अमेरिकेंतील यलोस्टोनची होय. तेथें उष्ण झऱ्यांच्या आसपास, पाय ठेववत नाहीं अशा तापलेल्या मातींत एक गवत उगवतें. २००२ सालीं असें दिसून आलें कीं, हा पराक्रम एकट्या गवताचा नाहीं. त्याच्या देहांत एक बुरशी राहते, आणि गवत व बुरशी यांची ताटातूट केली तर ३८ अंशांपलीकडचा उष्मा दोहोंपैकीं कोणालाच सोसत नाहीं. २००७ सालीं कोडें आणखी एक पायरी खालीं गेलें. त्या बुरशींत एक विषाणु आढळला, आणि तो काढून टाकतांच बुरशीची विद्या नाहींशी झाली. ज्याला आपण गवताचें धैर्य म्हटलें असतें, तें तिघांच्या सहवासाचें फळ होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पृथ्वीचा ताप आपोआप वाढलेला नाहीं. यंत्रयुगाच्या आरंभीं हवेच्या दहा लाख भागांत कर्बाम्ल वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत, आणि ही वाढ मुख्यतः कोळसा व तेल जाळल्यानें झाली आहे. त्यांत चांदीपच्या म्हाताऱ्याचा वांटा किती? राब भाजतांना निघणारा धूर धरला तरी तो नगण्यच. मग ज्यांनीं ताप वाढविला त्यांनीं तो वाढवीतच जावें, आणि त्याच्या भातानें मात्र सोशिक व्हावें, हा कोठला न्याय? सासूचा जाच थांबविण्याऐवजीं सुनेला सहनशीलतेचे धडे देणाऱ्या शहाण्यांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. हा आक्षेप हलका नाहीं, आणि शास्त्रज्ञांचा हेतु शुद्ध आहे एवढें म्हटल्यानें तो सुटत नाहीं. धडे देणाऱ्यांचाहि हेतु पुष्कळदां शुद्धच असे.

तथापि आक्षेपाचा शेवट कोठें होतो, तेंहि पाहिलें पाहिजे. अपराध्याचा अपराध उघडा राहावा म्हणून पीडिताला मदत नाकारणें हा न्याय नव्हे. यंदाच्या उघडिपींत रोपें मेलीं तर धूर सोडणाऱ्याचें कांहींच बिघडत नाहीं. उपाशी राहतो तो म्हातारा. हिंवतापाच्या रोग्याला वैद्य औषध देतो, तेव्हां दाराशीं साचलेल्या डबक्याला तो क्षमा करीत नसतो. औषध दिल्यावर त्यानें डबक्याविषयीं बोलावयाचें सोडलें, तरच तो दोषी.

शिवाय सोसण्या-सोसण्यांतहि भेद आहे. सुनेला जें सोसावयास सांगत, तें एकटीनें आणि मुकाट्यानें सोसावयाचें असे. म्हणूनच तें क्रूर होतें. रोपाला जें बळ मिळतें, तें मात्र उपदेशानें मिळत नाहीं, सोबतीनें मिळतें. त्याच्या मुळाशीं कोणी तरी येऊन बसतो, त्याच्या धास्तीचा वांटा उचलतो, आणि तेंहि स्वतःचें पोट भरतां भरतां. आपल्याकडील दुःखी माणसांना आपण धीर धरावयास सांगतों, तेव्हां त्यांच्या मुळाशीं कोणी आहे कीं नाहीं, हें आपण क्वचितच पाहतों. सोबत न देतां दिलेला धीराचा उपदेश म्हणजे निर्दयपणाच होय.

आणि या सोबतीलाहि सीमा आहे. प्रयोगशाळेंत तेजस्वी ठरलेला जंतु शेतांत गेल्यावर तेथल्या मूळच्या प्रजेपुढें निष्प्रभ ठरतो, असें पुष्कळदां घडतें. बाटलींतून विकला जाणारा जंतु दुकानाच्या उष्म्यांत मरूनहि जातो. ज्यानें रोपाला ताप सोसावयास मदत करावयाची, तोच तापानें मरावा, यांत मोठी शिकवण आहे. कोणतीहि सहनशक्ति अमर्याद नसते. ती आपल्याला फक्त थोडा अवधि मिळवून देते. त्या अवधींत ताप कमी करण्याच्या उद्योगाला लागलों, तर जंतूंचे उपकार सार्थकीं लागले; पीक तगलें म्हणून निश्चिंत झालों, तर त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच, अधिक कडक रूपांत येईल.

म्हणून शास्त्रज्ञांनीं आपलें काम जरूर चालू ठेवावें, आणि त्याचें फळ चांदीपसारख्या गांवच्या बांधापर्यंत परवडेल अशा भावानें पोंचवावें. आपण मात्र पीक सोशिक झाल्याची वार्ता वाचतांना आनंदाबरोबर थोडी लाजहि बाळगावी. आमच्या घरांतले दिवे, पंखे आणि गाड्या यांचा हिशेब त्या म्हाताऱ्यानें कधीं मागितला नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, रोपें घाबरलीं आहेत.