नाव नसलेली रांगोळी



आज आगमनकाळातील तिसरा रविवार, म्हणजे आनंदाचा रविवार. वेदीजवळची गुलाबी मेणबत्ती आज पेटली. नाताळ दाराशी आला. घरोघरी चांदण्या लागल्या, गोठ्यांसाठी पेंढा आणि बांबू जमू लागले. अशा वेळी एका साध्या प्रश्नावर आपल्याशी बोलावे असे आम्हांला वाटते. आनंद वाटायचा म्हणजे नेमके काय द्यायचे? आणि देताना स्वतःकडे काय राखून ठेवायचे नाही?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचला नाही. तो गेल्या वर्षी रस्त्यावर भेटला. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे.

गेल्या वर्षी आपल्या चर्चच्या कोपऱ्यावर मोठा गोठा उभारला होता. त्याच्या शेजारी आम्ही एक फ्लेक्स लावला. त्यावर धर्मग्रामाचे नाव होते, देणगीदारांची नावे होती आणि आमचा फोटोही होता. फ्लेक्स छापून आला तेव्हा ध्यानात आले, की आमचा फोटो बाळ येशूपेक्षा मोठा झाला आहे. छापणाऱ्याची चूक म्हणून आम्ही स्वतःची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी बाजारातून परतणाऱ्या एक आजी त्या फ्लेक्सपुढे थांबल्या. त्या आपल्या धर्मग्रामातल्या नव्हत्या. त्यांनी आम्हांला विचारले, "फादर, आज तुमचा वाढदिवस का?" आम्ही हसलो. आजी निघून गेल्या. प्रश्न मात्र मागे राहिला.

त्याच आठवड्यात, चोवीस डिसेंबरच्या पहाटे, दुसरी एक गोष्ट घडली. चर्चपासून रिक्षा स्टँडपर्यंतच्या रस्त्याच्या कडेला कुणीतरी खडूने आणि रांगोळीने सात चित्रे काढली होती. एक चांदणी, एक पणती, गोठ्यातला बैल, गाढव, मोगऱ्याची परडी, दोन कबुतरे, आणि स्टँडजवळ पेंढ्याने भरलेली एक रिकामी गव्हाणी. बाळ काढले नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडतील म्हणून असावे. खाली नाव नाही, शुभेच्छा नाहीत, सौजन्य नाही. दादरला फुले घेऊन जाणाऱ्या बायका पहाटेच्या लोकलसाठी निघाल्या, तेव्हा डोक्यावरच्या ओझ्यासकट त्या चित्रांना वळसा घालून गेल्या, असे चर्चचे काम पाहणारे आमचे काका सांगतात. नऊ वाजेपर्यंत स्कूटर, सायकली आणि दुधाच्या गाड्यांनी सगळे पुसून टाकले. आम्ही पाहिली ती फक्त अर्धी कबुतरे.

आम्ही लगेच चौकशी केली. चित्रे आपल्याच युवा संघटनेतल्या चार मुलींनी काढली होती. नववर्षाच्या मिस्सेनंतर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचे आम्ही ठरवले. मुली कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "फादर, कृपा करून नावे सांगू नका." आम्हांला तो विनय वाटला. आम्ही आग्रह धरला. तेव्हा त्यांतली सर्वांत धाकटी म्हणाली, "नाव सांगितलंत तर पुढच्या वर्षी आम्हांला काढावंच लागेल. आणि लोक घरी येऊन आभार मानत बसतील. मग ती गंमत राहणार नाही."

सेमिनरीत असताना आम्ही तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. त्या मुलीच्या बोलण्यातला अर्थ समजायला आम्हांला त्यानंतर आणखी काही दिवस लागले.

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. शेजाऱ्याकडून दिवाळीच्या फराळाचे ताट आले, की ते रिकामे परत पाठवायचे नाही. निदान त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. नाताळात आपणही गोडधोडाची ताटे पाठवतो आणि कुणाच्या घरून काय आले होते, ते घरातल्या बाईच्या बरोबर ध्यानात असते. ही रीत सुंदर आहे, तिच्यामुळे शेजार टिकतो. पण तिच्यात हिशोब आहे, हेही खरे. मार्सेल मॉस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अनेक समाजांच्या चालीरीती तपासून त्याने दाखवले, की भेट वरकरणी मोकळी दिसते, पण तिच्या पोटात तीन बंधने असतात. देणे बंधनकारक, घेणे बंधनकारक आणि परतफेड करणेही बंधनकारक. ज्याला परतफेड जमत नाही, तो मान खाली घालतो.

आता रस्त्यावरच्या त्या चित्राचा विचार करा. फुले विकणाऱ्या बाईला पणती दिसली, क्षणभर बरे वाटले आणि ती लोकल पकडून गेली. ती साखर कुठल्या ताटात घालणार? ताट कुणाचे, हेच तिला ठाऊक नाही. तिच्यावर ऋण चढले नाही, मान खाली गेली नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो, की मेजवानी द्यायची तर मित्रांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना देऊ नये, कारण ते उलट बोलावणे करतील. ज्यांना फेडता येत नाही त्यांना बोलवावे. आम्ही ह्या वचनावर आजवर अनेकदा प्रवचन केले आणि दर वेळी त्याचा अर्थ 'गरिबांना द्या' एवढाच सांगितला. तो अर्थ बरोबरच आहे. पण त्या मुलींनी आम्हांला आणखी एक बाजू दाखवली. देणाऱ्याने स्वतःचे नाव पुसून टाकले, की श्रीमंतालाही परतफेड करता येत नाही. बंगल्यातून मोटारीने निघालेला शेठ आणि टोपली घेऊन निघालेली बाई, दोघेही त्या चांदणीपुढे सारखेच पाहुणे होतात.

आणि नाव लिहिले की काय होते? दिलेल्या दानाचे उसने होते. फ्लेक्सवरची आमची यादी म्हणजे गावाला पाठवलेले बिलच होते. त्यावर रक्कम तेवढी लिहिलेली नव्हती.

कुणी म्हणेल, "फादर, तुमचा दिवा लोकांपुढे प्रकाशू द्या, असेही प्रभूने सांगितले आहे ना?" होय, सांगितले आहे. आणि त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, थोडे पुढे, दान गुपचूप करावे, उजव्या हाताचे डाव्या हातालाही कळू नये, असेही सांगितले आहे. ह्या दोन वचनांचा मेळ कसा घालायचा, हा विद्यार्थीदशेतला आमचा आवडता वाद होता. त्याचे सोपे उत्तर रस्त्यावर सापडले. काम उजेडात असावे, काम करणारा अंधारात असावा. दिवा दिसावा, दिवा लावणारा हात दिसला नाही तरी चालेल. चित्र भर रस्त्यात असते, सगळ्यांना दिसते. ते काढणाऱ्या मुली त्या वेळी घरी जाऊन झोपलेल्या असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या धर्मग्राम परिषदेत एका ज्येष्ठ सभासदाने मांडला. रांगोळी आणि रंगाला पैसे लागतात. तीन तासांत पुसल्या जाणाऱ्या चित्रांपेक्षा तेच पैसे एखाद्या आजाऱ्याच्या औषधाला का देऊ नयेत?

हा प्रश्न टाळता येणार नाही. तो शुभवर्तमानातच विचारला गेला आहे. बेथानीत कुष्ठरोगी सिमोनाच्या घरी एक स्त्री आली आणि तिने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले. काहीजण चिडले. ते तेल तीनशे दिनारांहून अधिक किमतीला विकता आले असते आणि पैसे गरिबांना देता आले असते, असे त्यांचे म्हणणे. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई एका क्षणात ओतली गेली. प्रभूने त्या स्त्रीचा पक्ष घेतला आणि तिच्या कृत्याची आठवण जगभर सांगितली जाईल, असे म्हटले. आता संत मार्कने लिहिलेली ही हकिगत घरी जाऊन पुन्हा वाचा. गावाचे नाव आहे, घरमालकाचे नाव आहे, तेलाची किंमत आहे. त्या स्त्रीचे नाव मात्र नाही. कृत्य दोन हजार वर्षे टिकले, नाव गळून गेले.

पण ह्याचा अर्थ उधळपट्टीला मोकळीक मिळाली असा नाही. संत थॉमस अक्वायनस न्याय आणि औदार्य ह्यांत स्पष्ट फरक करतो. न्यायाने आपण दुसऱ्याचे जे आहे ते त्याला देतो. औदार्याने आपले जे आहे ते देतो. पहिले चुकवून दुसरे करता येत नाही. गवंड्याची मजुरी थकवायची आणि त्याच्या झोपडीपुढे चांदणी काढायची, हा आनंद नव्हे, ती थट्टा आहे. म्हणून आम्ही त्या ज्येष्ठांना एवढेच म्हणालो: आधी कामवालीचा पगार, आजाऱ्याचे औषध, थकलेली मजुरी. ते देऊन झाल्यावर हातात खडूचा एक तुकडा उरला, तर त्याचा हिशोब मागू नये. गरिबाला फक्त औषधच लागते आणि चांदणी लागत नाही, असे समजणे हाही त्याचा अपमानच आहे.

तिसरी गोष्ट रस्त्याची. रस्ता आपल्या चर्चचे अंगण नाही, तो सगळ्यांचा आहे. तेथून जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात आणि कोणताही धर्म न मानणारीही. आपला सण त्यांच्यावर लादण्याचा आपल्याला काय अधिकार? इथे आम्हांला लाउडस्पीकर आणि रांगोळी ह्यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. लाउडस्पीकर कानात शिरतो, त्याला नको म्हणता येत नाही. रांगोळीकडे पाठ फिरवता येते, तिच्यावरून चालतही जाता येते. जी भेट नाकारता येते, तीच खरी भेट. म्हणून दुसऱ्याच्या भिंतीवर विचारल्याशिवाय रंग लावू नये. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात 1995 चा कायदा आहेच, पण कायद्याच्याही आधी शेजारधर्म आहे. दुकानदाराला विचारावे, रिक्षावाल्यांना विचारावे, रहदारीची वाट मोकळी ठेवावी.

राहिला प्रश्न पुसले जाण्याचा. इतके कष्ट करायचे आणि ते नऊ वाजेपर्यंत मातीत जायचे, ह्याचे वाईट वाटत नाही का, असे आम्ही मुलींना विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, रांगोळी रोजच पुसतात." खरेच आहे. ह्या महाराष्ट्रात किती बायका रोज सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळी काढत आल्या, आणि कुणीही खाली सही केली नाही. आषाढीच्या वारीत पालखीच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घालतात आणि वारकऱ्यांची पावले त्यावरून जातात. दूर ग्वाटेमालामधल्या अँटिग्वा शहरात आपले ख्रिस्ती बांधव पवित्र सप्ताहात असेच करतात. घरापुढच्या दगडी रस्त्यावर ती कुटुंबे रात्र-रात्र बसून रंगीत लाकडी भुशाचे आणि फुलांचे गालिचे घालतात. मिरवणूक येते, त्यावरून जाते आणि काही मिनिटांत गालिचा विस्कटतो. 2022 साली युनेस्कोने ग्वाटेमालाच्या ह्या पवित्र सप्ताहाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. पंढरीची वाट असो की अँटिग्वाची, चित्र पावलांसाठीच काढलेले असते. पावले पडली म्हणजे ते वाया गेले असे नव्हे, ते पोहोचले.

गोठ्याची आपली परंपराही अशीच सुरू झाली. 1223 सालच्या नाताळात संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो गावाजवळ डोंगरात गव्हाणी मांडली, पेंढा पसरला, बैल आणि गाढव आणले. आसपासचे साधे लोक मशाली घेऊन तेथे जमले. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2019 साली त्याच ठिकाणी जाऊन गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. गोठे केवळ घरात नव्हे, तर कामाच्या जागी, शाळांत, इस्पितळांत, तुरुंगांत आणि गावच्या चौकांतही मांडावेत, असे त्यांनी त्यात सुचवले. चौक म्हणजे अनोळखी माणसाची जागा. बाळ येशूही बेथलेहेमात वाटसरू म्हणूनच आला होता, हे विसरू नये.

तेव्हा ह्या वर्षी आपल्या गोठ्याशेजारी फ्लेक्स नसेल. देणगीदारांनी रागावू नये. आमचाही फोटो गेला आहे. चोवीस तारखेच्या पहाटे रस्त्यावर पुन्हा चित्रे निघतील की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही आणि आम्ही विचारलेलेही नाही. कुणाला हातभार लावायचा असेल, तर चर्चमागच्या पडवीत एक रिकामी पेटी ठेवली आहे. तीत रांगोळीच्या पुड्या आणि खडू टाकावेत. पैसे नकोत. पैशाला पावती लागते आणि पावतीला नाव लागते.

एक कबुली देऊन थांबतो. चित्रे निघाली, तर त्या पहाटे रिक्षा स्टँडपाशी उभे राहावे आणि लोक काय म्हणतात ते ऐकावे, असा मोह आम्हांला आतापासूनच होत आहे. त्या मुलींची नावे ह्या पत्रकात छापण्याचाही मोह झाला होता. चार ओळींचा तर मजकूर, चार साधी नावे. लिहिली आणि खोडली. खोडताना जे सुटल्यासारखे वाटले, ते त्या मुलींना गेल्या वर्षीच ठाऊक होते.

आपणां सर्वांना नाताळची तयारी आनंदाची जावो.

आपले धर्मगुरू