हत्यार, हिफाजत आणि शेजारधर्म

माणसाने आपल्या जिवाचे रक्षण करावे की नाही, यावर फारसा मतभेद होण्याचे कारण नाही. बहुतेक धर्मांनी आणि कायद्यांनी हा हक्क कुठल्या ना कुठल्या रूपात मान्य केला आहे. अंगावर चालून येणाऱ्याला अडवणे, त्याचा उगारलेला हात धरणे, याला कोणी हिंसा म्हणत नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कोणी अंगावर आलेले नसताना, रोज सकाळी घराबाहेर पडताना, पाकीट आणि किल्ल्या घ्याव्यात तसे भरलेले रिव्हॉल्व्हर खिशात घालावे का? आणि घातलेच तर सोबत आणखी पाच गोळ्या घ्याव्यात का?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वसामान्य माणसाला पडत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि परवाना सहजासहजी मिळत नाही. अमेरिकेत मात्र तो घराघरांतला प्रश्न आहे. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९५० मध्ये पाच गोळ्यांचे, आखूड नळीचे .३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पुढे हलक्या धातूची तशीच मॉडेल निघाली. ही हत्यारे खिशात मावतात आणि कपड्यांवरून ओळखू येत नाहीत. पण हत्यार लहान म्हणजे गोळ्याही कमी. त्यामुळे जादा गोळ्यांची सोय आली. स्पीडलोडर म्हणजे सगळ्या गोळ्या एकदम भरून देणारी गोल चकती. स्पीड स्ट्रिप म्हणजे गोळ्या ओळीने अडकवलेली चपटी पट्टी. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घराबाहेर बंदूक बाळगणे हा घटनादत्त हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२४ अखेर पन्नासपैकी २९ राज्यांत कपड्याआड पिस्तूल बाळगायला सर्वसाधारण प्रौढ नागरिकाला परवानाही लागत नव्हता.

या लोकांना वेडे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. १९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक गावात एका स्त्रीच्या तीन मुलींना तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने पळवून नेले. त्याने दूर राहावे असा कोर्टाचा हुकूम तिच्या हातात होता. ती रात्रभर पोलिसांकडे दाद मागत राहिली. पोलीस हलले नाहीत आणि मुली मारल्या गेल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो असा, की तो हुकूम पोलिसांकडून अमलात आणवून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता. हा निकाल वाचलेल्या आईला हत्यार बाळगू नकोस, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनीसुद्धा १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या त्यांच्या घरावर बॉम्ब पडल्यावर पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला.

ही भीती आपल्याला परकी नाही. १९८४ ची भिवंडी, १९९२-९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना दाराची कडी किती तकलादू असते हे कोणी शिकवायला नको. म्हणून भ्यालेल्या माणसाला उपदेश करण्याच्या भूमिकेतून आम्ही हे लिहीत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. भीतीवर हत्यार हा उपाय केला की भीती कमी होते का?

जादा गोळ्यांचा विचार केला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. पाच गोळ्या पुरतील का? नेम चुकला तर? हल्लेखोर दोघे-तिघे असले तर? हे प्रश्न मूर्खपणाचे नाहीत. प्रत्येक पायरीवर तर्क बिनचूक आहे. म्हणून आणखी पाच गोळ्या घ्यायच्या. पण हाच तर्क दहा गोळ्यांनाही लागू पडतो आणि वीस गोळ्यांनाही. पुरे कुठे म्हणायचे, हे भीती कधीच सांगत नाही. भुकेला पोटाचे माप आहे, झोपेला रात्रीचे माप आहे, भीतीला मात्र स्वतःचे असे माप नाही. ते बाहेरून, विवेकाने घालून द्यावे लागते.

हे माप कुठून आणायचे, हे कळण्यासाठी एका घटनेकडे पाहू. जानेवारी २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्या एका माणसाने फेसबुकवर एक छायाचित्र टाकले. वजनकाट्यावर भरलेले .३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर, त्याचे म्यान आणि स्पीडलोडरमधल्या पाच जादा गोळ्या ठेवलेल्या होत्या. सगळ्याचे मिळून वजन साधारण सहाशे ग्रॅम भरले होते. त्याच्याजवळ रीतसर परवाना होता. तीन आठवड्यांनी, १० फेब्रुवारीला, त्याने आपल्याच वसाहतीतल्या एका घरात शिरून तिघांना ठार केले. दंतवैद्यकाचा २३ वर्षांचा विद्यार्थी, त्याची २१ वर्षांची नवपरिणित पत्नी आणि तिची १९ वर्षांची बहीण. तिघेही मुसलमान, दोघी बहिणी हिजाब घालणाऱ्या. खुनासाठी वापरलेले पिस्तूल .३५७ कॅलिबरचे होते. म्हणजे काट्यावरच्या रिव्हॉल्व्हरखेरीज घरात आणखीही हत्यारे होती. पोलिसांनी सुरुवातीला गाड्या लावण्यावरून झालेला वाद असे सांगितले. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, त्याला तीन जन्मठेपा झाल्या आणि पोलीसप्रमुखांनीही मान्य केले की हे प्रकरण नुसत्या पार्किंगचे नव्हते.

आता कोणी म्हणेल, हा माथेफिरूचा अपवाद आहे. लाखो परवानेधारक कोणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. हे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. द्वेष हत्याराने निर्माण केला, असेही आम्ही म्हणत नाही. पण या घटनेतला एक तपशील खुनाच्या आधीचा आहे. मृतांच्या नातलगांनी आणि मित्रांनी सांगितले, की तो याआधीही तक्रार घेऊन त्यांच्या दारात आला होता आणि तेव्हा त्याच्या कमरेला बंदूक होती. त्या दिवशी गोळी सुटली नव्हती, कायदाही मोडला नव्हता. तरी काहीतरी मोडले होते. आवाज फार होतो, गाडी जागेवर लावत जा, या वाक्यांना शेजारी शेजाऱ्याला उत्तर देऊ शकतो. प्रसंगी भांडूही शकतो. कमरेला बंदूक असलेल्या माणसाला तो उत्तर देऊ शकत नाही. तो फक्त ऐकतो. हत्यार गोळी सुटण्याच्या कितीतरी आधीपासून काम करू लागते, ते असे.

शिवाय हत्यारबंद भीतीला चेहरा लागतो. रस्त्यावरून येणारा कोण धोक्याचा आणि कोण आपला, हे क्षणात ठरवायचे तर मन आधीच पढवलेल्या चेहऱ्यांकडे वळते. तिथे तो चेहरा काळ्या माणसाचा असतो, दाढीवाल्याचा असतो, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुलीचा असतो. मग आपणही हत्यार घ्यावे, हा विचार अशा वेळी मनात येणे स्वाभाविक आहे. पण जुलै २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात एका कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे बंदुकीचा परवाना होता आणि बंदूक जवळ असल्याचे त्याने स्वतःहून, अदबीने सांगितले. काही क्षणांतच पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले. एकाच्या कमरेला जे संरक्षण असते, तेच दुसऱ्याच्या कमरेला त्याच्या गुन्हेगारीचा पुरावा ठरते. संशयित समाजाने हत्यारात सुरक्षितता शोधण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. आणखी एक आकडा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे परक्याच्या भीतीने घरात आणलेले हत्यार निराशेच्या रात्री घरच्याच माणसाच्या हाताशी असते. किंग यांनी पुढे विचारपूर्वक घरातले हत्यार काढून टाकले, ते उगाच नव्हे.

आपल्या परंपरेत एक हदीस आहे. मशिदीतून किंवा बाजारातून तीर घेऊन जाणाऱ्याने तिरांची टोके मुठीत धरावीत, कोणाला इजा होऊ नये म्हणून. तीर बाळगू नको, असे इथे सांगितलेले नाही. तो काळ तिरांचा होता. पण टोक मुठीत धरायचे म्हणजे पहिला ओरखडा निघालाच तर तो बाळगणाऱ्याच्या हातावर निघावा. गर्दीतल्या अनोळखी माणसाच्या अंगावर नव्हे. हत्यार बाळगणाऱ्यावर इतरांच्या निर्धास्तपणाची जबाबदारी आधी येते, त्याचा स्वतःचा हक्क नंतर. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याचे ईमान पुरे नाही, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वर ज्या मापाचा शोध घेतला ते माप आम्हाला इथे सापडते. आपण किती सुरक्षित आहोत हे आपल्या खिशातल्या गोळ्या मोजून ठरत नाही, शेजारी आपल्यामुळे किती निश्चिंत झोपतो यावरून ठरते.

आपला कायदाही याच दिशेने विचार करतो. दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण मर्यादा घालून. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ असेल तर कायदा हातात घ्यायचा नाही. अर्थात, यंत्रणा येणारच नसेल तर ही मर्यादा थट्टा ठरते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. किंमत सुमारे सव्वा लाख. रात्री उशिरा लोकलने घरी येणारी कामगार बाई ते घेणार कशी? आणि तिला रिव्हॉल्व्हर हवे आहे की उजेडाचा रस्ता आणि फोन उचलणारा पोलीस? सरकारने द्यायची सुरक्षितता सरकारी कारखान्यातूनच विकत घ्यायला सांगणे, हा काही इन्साफ नाही.

हीच कसोटी आपल्याला स्वतःलाही लावली पाहिजे. मोहल्ल्यातल्या पोरांनी मिरवणुकीत तलवारी नाचवल्या की आपल्याला हिंमत वाटते. पण पलीकडच्या गल्लीतल्या घराच्या खिडक्या त्या वेळी बंद होतात, त्याचे काय? तिथली मिरवणूक आपल्या गल्लीवरून जाताना आपण खिडक्या बंद करतो, तेव्हा नेमके काय वाटते हे आपल्याला ठाऊक आहे.

कॅसल रॉकच्या त्या आईने उद्या रिव्हॉल्व्हर घेतले तर आम्ही तिला दोष देणार नाही. दोष तिची हाक ऐकूनही न आलेल्यांचा आहे. तिच्यासारख्या प्रत्येक बाईच्या हाकेला कोणीतरी धावून येईल अशी व्यवस्था मागणे, त्यासाठी भांडणे, हे कष्टाचे काम आहे आणि ते एकट्याने होत नाही. गोळ्या मात्र एकट्याला दुकानातून आणता येतात. म्हणूनच तो मार्ग सोपा वाटतो. तोवर एवढे तर प्रत्येकाच्या हातात आहे, की शेजाऱ्याच्या दारी तक्रार घेऊन जायचे झाले तर रिकाम्या हाताने जावे. म्हणजे त्यालाही मोकळेपणाने उत्तर देता येईल.