आधी उजेड

खिडकीतून एकाच बाजूने उजेड येतोय. समोर स्टुलावर मांडणी आहे: पितळी तांब्या, दोन लाल कांदे, मागे सुती पडदा. बोर्डावर कार्ट्रिज पेपर लावलाय. पेन्सिल इतक्यात उचलू नका. श्वास संथ होऊ द्या आणि नुसतं बघा.

आता डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील विरतील, गडद आणि उजळ असे मोठे आकार उरतील. तांब्याच्या सावलीतल्या कडेला पुसटशी लाली दिसते? ती शेजारच्या कांद्याची. तांब्या आणि कांदा यांच्यामधली रिकामी जागाही बघा. तिलाही आकार आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांच्या मनात इथे घड्याळ टिकटिकू लागतं. टिकटिकू द्या. बघत राहा.

मग बाह्यरेषा हलक्या हाताने काढून घ्या आणि पांढरा ऑइल पेस्टल बोटांत धरा. तांब्यावर सगळ्यात प्रखर उजेड कुठे आहे? कागदावर तेवढीच जागा दाबून रंगवा. पांढऱ्यावर पांढरं, जवळजवळ काहीच दिसणार नाही. हरकत नाही. आता ब्रश भरून पिवळसर तपकिरी जलरंगाचा पातळ वॉश सोडा आणि हात थांबवा. पाणी पेस्टलपाशी येतं, अडतं, थेंब होऊन बाजूला सरकतं. चकाकी तशीच उघडी राहते. मिश्र माध्यमातला हा क्षण मला सर्वांत प्रिय आहे. सावली नंतर कितीही गडद करता येते. उजेड मात्र रंग लावण्याआधीच राखावा लागतो.

कागद पूर्ण वाळू द्या. ओल्यावर चारकोल फिरवला तर त्याचा चिखल होतो. वाट बघताना कांद्याकडे वळा. त्याचं सुटलेलं साल रंगवायचं की चिकटवायचं? पिकासोने १९१२ साली स्थिरचित्रात खुर्चीच्या वेताची वीण रंगवली नाही. तशी वीण छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि चित्राच्या कडेने दोर लावला. तुम्ही पतंगाच्या गुलाबी कागदाचा तुकडा हाताने फाडा, पातळ केलेल्या फेव्हिकॉलने लावा. सुरकुत्या पडतील. दाबून घालवू नका, सालालाही त्या असतातच.

वाळलं? चारकोलची कांडी आडवी धरून तांब्याची पडछाया लावा. तांब्याच्या बुडाशी गडद, पुढे फिकी. एव्हाना उजेड सरकला असेल, स्टुलावरची सावलीही. तिच्यामागे जाऊ नका. पहिल्यांदा पाहिलीत तीच ठेवा आणि पडद्याच्या चुण्या बघायला घ्या.